डाव्या दाराचा पोचा

३ मार्च, सोमवार

पोचा आहे. डाव्या बाजूस, मागच्या दारावर, मुठीच्या वीतभर खाली. सकाळी गाडी पुसत असता फडके आत गेले. सपाट पत्र्यावर फडके आत जात नाही. टेप लावून पाहिला — खोली अर्धा इंच, रुंदी पसरलेल्या तळहाताएवढी, कडेस दोन बारीक ओरखडे, कच्च्या टाक्यांसारखे.

गाडी मी दर सोमवारी पुसतो. गेल्या सोमवारी हा पोचा नव्हता. फाटकाच्या डाव्या खांबावर राखाडी रंगाचा पुसट पट्टा आहे; तो आमच्याच गाडीचा रंग. या फाटकातून एकच गाडी ये-जा करते आणि ती एकच इसम चालवतो. तो इसम मी.

ठोकर लागल्याचे मला आठवत नाही. आवाज नाही, धक्का नाही, काहीच नाही. सुईचे टोक कापडात मोडले तर माझ्या बोटास कळते. आणि येथे अख्खा लोखंडी खांब लागला, तरी मला कळले नाही!

हे कोणासही सांगावयाचे नाही. या पानास सांगितले, तेवढे पुरे.

कन्या १६ तारखेस, रविवारी येत आहे. थंडीत मी हाच खांब पुढच्या बाजूने किंचित खरवडला होता — धुके होते. तेव्हा ती जावईबापूंच्या देखत म्हणाली, “बाबा, आता एक जरी ओरखडा दिसला ना, तर चावी माझ्याकडे. मला झोप लागत नाही तुमच्या काळजीने.” मी शब्द दिला. जावईबापूंच्या देखत दिला नसता तर काही पळवाट निघाली असती.

चावी गेली की गुरुवार गेला. सौ.ची थोरली बहीण टेकडीवर राहते, अंथरुणास खिळून आहे. टेकडीवर बस चढत नाही आणि सौ.चे गुडघेही चढत नाहीत. दर गुरुवारी मी तिला नेतो. दोघी बहिणी आत बोलत बसतात. मी गाडीत बसून वर्तमानपत्र वाचतो. एवढाच आमचा प्रवास, परंतु तो कधी चुकलेला नाही.

तेव्हा पोचा गेला पाहिजे. गाडी डाव्या अंगाने भिंतीस चिकटवून उभी केली आहे. आता तो कोणास दिसत नाही. मलाही पाहावयाचा झाल्यास आडवे व्हावे लागते.

४ मार्च, मंगळवार

पत्र्याचे काम करणारा रस्त्याच्या टोकाला आहे. त्याच्याकडे गेलो. ‘एका मित्राच्या’ गाडीविषयी विचारणा केली. तो कोणाच्या तरी मोटारीखाली पाठीवर झोपून काम करीत होता. तेथूनच त्याने दर सांगितला. त्या रकमेत मी एके काळी अस्तरासह तीन सूट शिवून दिले असते, वर एक जाकीट. मी म्हणालो, मित्राचे हात अद्याप चालतात, तो घरीच करील. खालून उत्तर आले, “करू द्या की. नंतर माझ्याकडेच आणायला सांगा. घरी केलेल्याचा दर वेगळा असतो.”

वेगळा म्हणजे कमी, असे मी प्रथम समजलो.

पत्रा काय आणि कापड काय! दोन्ही बेतावयाचे, दोन्ही अंगावर बसवावयाचे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु लोक मला मास्तर म्हणतात. शिंप्यास सगळेच मास्तर म्हणतात, हे मी जाणतो. तथापि मी ते मनास लावून घेतले आणि तसा वागलो. खाके कापण्यासाठी आणलेले प्रत्येक वर्तमानपत्र मी कात्री लावण्यापूर्वी वाचले आहे. काही बातम्यांचा शेवट बाहीच्या मुंढ्यात कापला गेला, तेवढा सोडल्यास बहुतेक विषयांची मला माहिती आहे.

दुपारी नेहमीप्रमाणे दोन ते चार झोपलो. सौ. त्या वेळी शेजारच्या नर्सबाईंकडे विणकाम शिकावयास जाते. शिकू लागून पुष्कळ महिने झाले. अद्याप एक मोजाही बाहेर आलेला नाही. लोकरीत मी लक्ष घालत नाही; सुयांनी विणणे म्हणजे शिवणे नव्हे.

संध्याकाळी सौ. अंगणात आली. भिंतीकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “अहो, मला एक सांगायचं होतं.” मी म्हणालो, मागाहून. मी त्या वेळी आडवा होतो.

५ मार्च, बुधवार

गरम पाण्याने पत्रा मऊ होतो आणि मोरी तुंबल्यावर वापरतात त्या रबरी पंपाने तो ओढून बाहेर काढता येतो, असे कोठेतरी वाचले होते. (ही बातमी पूर्ण वाचली होती.)

सौ.स पाणी तापविण्यास सांगितले. कशाला, असे तिने विचारले. पाय शेकावयाचे आहेत, असे सांगितले. तिने पातेल्याबरोबर पाट आणि टॉवेलही आणून ठेवला आणि शेकून होईपर्यंत समोर उभी राहिली. शेकावे लागले. दुसरे पातेले मी स्वतः तापविले.

गाडी ढकलून भिंतीपासून जराशी सोडवली आणि पाणी ओतले. पंप दाबला. ओढला. पकड उत्तम बसली — इतकी, की पंप सुटेना. चाकास पाय लावून ओढला. गाडी हलली, भिंतीकडे झुकली, परत आली. पोचा जागच्या जागी. पंपही जागच्या जागी. असे रबर आता मिळत नाही.

सौ. खिडकीतून म्हणाली, “माझा मोरीतला पंप गाडीला का लावलाय?”

तात्पुरती सोय, असे मी म्हणालो. तिने खिडकी लावून घेतली. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.

६ मार्च, गुरुवार

गुरुवार चुकविणे शक्य नाही. पंपासह निघालो.

आसनावर बसलो तो गुडघे स्टिअरिंगच्या चक्रास टेकले. आसन पुढे सरकले होते. मी ते हलविलेले नाही. तेव्हा दोनच शक्यता — आसन आपोआप सरकले, अथवा माझे पाय लांबले. घरी परतल्यावर प्रथम टेप घेऊन स्वतःचे माप घेतले. पायांत फरक नाही. कमरेत आहे, परंतु तो विषय निराळा. म्हणजे आसनच ढिले झाले असावे. किंवा ते मीच सरकवले आणि विसरलो! हे वाक्य लिहून खोडणार होतो. खोडले नाही.

चौकात वाहतुकीच्या हवालदाराने शिटी वाजविली. गाडीभोवती फिरून दाराकडे बोट दाखविले आणि हे काय, असे विचारले. मी म्हणालो, मूठ. तो म्हणाला, मूठ तर वर आहे. मी म्हणालो, ती उंच माणसांसाठी. त्याने थोडा वेळ विचार केला, खाली वाकून पंप धरला, ओढून पाहिला. सुटला नाही. “चांगली बसलीये, आजोबा,” म्हणाला आणि हात हलवून जाऊ दिले. सौ. टेकडीच्या माथ्यापर्यंत पदरात तोंड लपवून बसली होती. तिला लाज वाटली असावी.

मेहुणीबाई थकल्या आहेत. मी आत डोकावलो तेव्हा सौ.स म्हणत होत्या, “परवा मंगळवारी आलीस तेव्हा पिवळी पिशवी होती ना तुझ्याकडे? ती इथेच राहिली बघ.” परवा मंगळवारी! बस चढत नाही, गाडी माझ्याकडे, मी घरी झोपलेला. बिचारीच्या स्मरणास काय झाले आहे! एरवी मी हसून सोडून दिले असते. आज तसे करवले नाही. त्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसलो. त्या घाबरल्या.

७ मार्च, शुक्रवार

जेवण चालू असता बाहेर मोठा आवाज झाला. पंप आपणहून सुटला. पोचा तसाच, भोवती आता एक गोल वळही आहे.

८ मार्च, शनिवार

दुसरा उपाय — प्रथम उष्ण हवा, लगोलग बर्फ. पत्रा दचकून बाहेर येतो.

केस वाळविण्याचे यंत्र नर्सबाईंकडून आणले. कशासाठी ते सांगितले नाही. परंतु त्या वायर घेऊन मागोमाग अंगणात आल्या, तेव्हा पोचा त्यांना दिसलाच. आश्चर्य असे की त्यांनी काही विचारले नाही. उलट फाटकाच्या खांबाकडे पाहून म्हणाल्या, हा खांबच मुळात चुकीच्या जागी आहे, कुणाचीही गाडी लागेल. मी सांगितले, खांब ओळंब्यात आहे; मी स्वतः पाहिले आहे. त्या म्हणाल्या, “मास्तर, फार मनाला लावून घेऊ नका हो.” एका परक्या बाईस माझ्या मनात काय आहे ते कसे कळले, याचे मला वाईट वाटले.

उष्ण हवा दिली. बर्फ लावला. ‘टक्’!

पोचा गेला! हात फिरवून पाहिला. सपाट. डोळे मिटून पुन्हा फिरविला. सपाट. नर्सबाईंनी टाळ्या वाजविल्या. सौ. धावत बाहेर आली आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. एका पोच्यापायी हिला एवढे काय झाले?

मी त्या दोघींस पत्रा आणि लोकर यांतील फरक समजावून सांगितला.

९ मार्च, रविवार

ऊन तापल्यावर पोचा परत आला.

१० मार्च, सोमवार

पुट्टी आणली. दुकानदाराने दोन डबे दिले — एक मोठा, एक चिमुकला. दोन्ही मिसळले की ती दगडासारखी घट्ट होते. मिसळून किती वेळ मिळतो, असे विचारले. तो म्हणाला, चहा पिईपर्यंत. माझा चहा पाऊण तास चालतो.

काम रीतसर मांडले. खडूने बाह्यरेषा आखली. पोच्याच्या आत पुट्टी, म्हणजे अस्तर. वर रंग, म्हणजे मूळ कापड. पुट्टी बोटाने दाबून बसविताना नखे खराब होऊ नयेत म्हणून उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान घातले. हे अंगुस्तान माझ्या गुरूने दिलेले. एवढी वर्षे सुईची बोच त्यानेच सोसली.

कोपरा सारखा करीत होतो. सौ. चहा घेऊन आली. डाव्या हाताने कप घेतला, एक घोट घेतला, आणि उजवा हात हलेना.

चहा पिईपर्यंत म्हणजे पहिल्या घोटापर्यंत, हे दुकानदाराने स्पष्ट करावयास हवे होते.

बोट सुटले. अंगुस्तान सुटले नाही. ते पुट्टीत कानापर्यंत रुतले आहे. कोटात सुई विसरणाऱ्या कारागिरास मी दुकानातून काढून टाकले होते. येथे मी दारात अंगुस्तान विसरलो नाही — समक्ष गमावले!

सौ. समोरच बसली होती. म्हणाली, “अहो, ऐका ना. मला सांगायचंय ते ऐकून घ्या आधी.” मी म्हणालो, पुट्टी सुकू दे, मग सांग. ती म्हणाली, पुट्टी तर सुकली की. मी म्हणालो, मी सुकलेलो नाही. ती उठून आत गेली. मला ओरडावयाचे नव्हते. जेवताना भाजीची स्तुती केली. ती म्हणाली, कालचीच आहे.

११ मार्च, मंगळवार

पॉलिश पेपरने दिवसभर पुट्टी घासली. अंगुस्तान आत घेऊनच दार सपाट केले. त्या जागी बारीकसा उंचवटा राहिला आहे, जिवंत माणसाच्या बोटासारखा. पांढरी भुकटी सगळीकडे उडाली. गाडीवर, झाडांवर, माझ्यावर. टपालवाल्याने मला ओळखले नाही. जरा आजोबांना बोलवा, असे मलाच म्हणाला.

घासता घासता स्वतःची परीक्षा घेतली. जुन्या गिऱ्हाइकांची मापे आठवून पाहिली. बँकेचे साहेब — छाती चाळीस, पोट चव्वेचाळीस, उजवा खांदा उतरता. गाणाऱ्या बाईंचे बंधू — मान नाही, थेट डोके. घड्याळजी — एक बाही अर्धा इंच लांब, कारण तो तसाच झुकून बसे. सगळी आठवली, एकही चुकले नाही. मेलेल्यांचीही आठवली.

मग खांब का आठवत नाही?

१२ मार्च, बुधवार

रंग. दुकानदाराने गाडीच्या रंगाचा क्रमांक विचारला. रंगास क्रमांक असतो, हे मी ऐकून घेतले, मानले नाही. शेकडो कोटांना मी धागा जुळवला आहे, तो डोळ्यांनी. घरी येऊन रिळांची पेटी उघडली. राखाडी रिळे एकेक करून उन्हात दारावर धरली. गाडी समोर जशी दिसते तसा धागा घ्यावयाचा, तागा विकणाऱ्याने काय सांगितले ते पाहावयाचे नाही. हा माझा नियम आहे. एक रीळ अगदी मिसळून गेले, दारावर धरले की दिसेना. ते नेऊन दुकानदारासमोर ठेवले.

तो म्हणाला, “एवढी फिकट? गाडी धुतलेली होती ना, आजोबा?” मी पैसे मोजून ठेवले.

संध्याकाळी फवारा मारला. सुकला. पाच पावले मागे येऊन पाहिले — पोचा कोठे होता ते मलाही सांगता येईना! दार एकसंध. तयार कपड्याप्रमाणे त्याच्याकडे पाहत राहिलो. सौ.स हाक मारून दाखविले. ती म्हणाली, छान झालंय. आवाजात छान काही नव्हते.

१३ मार्च, गुरुवार

टेकडीवर गेलो. हवालदाराने ओळखले आणि मूठ काढली का, असे विचारले. मी म्हणालो, उंच माणसेच येतात आता.

खांबाजवळून गाडी काढताना थांबलो, उतरलो, अंतर मोजले, पुन्हा बसलो. येताना तेच. एरवी मी गाडी अशी चालवीत नसे.

१४ मार्च, शुक्रवार

आज सौ. दुपारी निळा कोट घालून नर्सबाईंबरोबर बाहेर गेली. बाजारात, म्हणाली. विणकामास कोट कशाला, असे वाटले होते. बाजार म्हटल्यावर पटले. मी झोपलो.

जाग आली ती गाण्याच्या आवाजाने. सौ. गात होती! अंगणात, पदर खोचून, बादली घेऊन गाडी धूत होती. “लेक येतेय, म्हटलं जरा चकाचक करावी,” म्हणाली. एवढी खुशीत मी तिला कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

मी डाव्या बाजूस गेलो.

पुट्टीची भुकटी! मंगळवारी सगळी गाडी त्या भुकटीने माखली होती आणि मी रंग जुळविला तो भुकटीशी. आता गाडी गडद, पावसाळी ढगासारखी. आणि दारावर मधोमध फिकट डाग, जुन्या विजारीस नव्या कापडाचे ठिगळ लावावे तसा. मैलभरावरून दिसेल. दोनच मार्ग उरतात — डाग बदलणे, अथवा उरलेली गाडी पुन्हा माखणे.

सौ.चे गाणे थांबले. ती डागाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “राहू द्या आता. लेकीशी मी बोलते.” माझा शब्द मी दिला आहे, तो तू कशी पाळणार, असे मी विचारले. तिने बादली ओतून दिली. माझ्या पायांवर. चुकून असावे.

१५ मार्च, शनिवार

पहाटेच उत्तर सापडले. एका बाजूस ठिगळ असेल तर ते ठिगळ. दोन्ही बाजूंस असेल तर ती रचना!

बँकेच्या साहेबांच्या कोटास इस्त्रीने भोक पडले होते. मी त्यावर खिसा बसविला आणि पलीकडे त्याच्या जोडीचा. साहेबांनी पुढे दोन कोट तसेच शिवून घेतले.

डाव्या डागास चौकोनी आकार दिला. वरची कड सरळ, खालचे कोपरे गोल. त्याच मापाचा दुसरा उजव्या दारावर उतरविला, जेथे काहीही झालेले नव्हते. तेथेही पुट्टीचा थर दिला, कारण एक खिसा भरलेला आणि एक रिकामा असे चालत नाही. कडेने बारीक कुंचल्याने टाके काढले, तिरपे, एकसारखे. वर झाकण. झाकणास बटण.

काम उत्तम झाले आहे. माझ्या हातून एवढे सरळ टाके गेल्या कित्येक वर्षांत पडले नव्हते. पत्र्याचे काम करणारा जाता जाता थांबला, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि मित्राची का, असे विचारले. मी होय म्हणालो. तो म्हणाला, याचा दर माझ्याकडे नाही.

गाडी सरळ करावयास बसलो तर आसन पुन्हा पुढे आणि आरशात मागचा रस्ता नाही, मागच्या आसनाची गादी दिसते. गुरुवारी मी याच आरशात पाहून परतलो. मी पाहिले होते ना?

उद्या कन्या येणार.

१६ मार्च, रविवार

कन्या एकटीच आली. बरे झाले.

गाडीभोवती एक फेरी मारली. डावीकडून उजवीकडे, आणि पुन्हा डावीकडे.

“बाबा, हे काय आहे?”

“खिसे.”

“गाडीला?”

मी म्हणालो, शोभेसाठी. तिकडे बऱ्याच ठिकाणी असतात. तिकडे म्हणजे कोठे, ते तिने विचारले नाही. ती खाली बसली. लहानपण तिचे माझ्या बेतावयाच्या मेजाखाली गेले आहे. अंगठा कडेवरून फिरवीत गेली आणि उंचवट्यावर थांबली. यात काहीतरी आहे, म्हणाली. मी खरे ते सांगितले — अंगुस्तान. तेव्हा तिला हसू आवरेना. जमिनीवर बसून हसली, मलाही हसावयास लावले. मला वाटले, निभावले. ओरखडा तर एकही दिसत नव्हता; शब्द शाबूत होता.

मग हसणे ओसरले आणि तिने अगदी हळू विचारले, “बाबा, कुठे लागली?”

काहीही सांगता आले असते. धुके आहेच. बाजारात कोणी ठोकली, असेही म्हणता आले असते. उत्तरे मी तयार करून ठेवली होती, ती सगळी आठवत होती.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

हे वाक्य मी उभ्या जन्मात कोणास ऐकविलेले नाही. तिचा चेहरा पाहून मीच खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने मूठ लगेच मिटली नाही. सौ. दारात उभी होती, हात ओले. तिने तोंड उघडले, तोच मी म्हणालो, आता नको. कोणीच काही बोलू नये असे वाटत होते.

आत येऊन रिळांची पेटी आवरली. आवरलेलीच होती.

१७ मार्च, सोमवार

कन्या सकाळी गेली. सौ. तिला कोपऱ्यापर्यंत पोचवावयास गेली. परतावयास पुष्कळ वेळ लागला. गाडी पुसली नाही.

१९ मार्च, बुधवार

उद्या गुरुवार. सौ.ने पिशवी भरून ठेवली आहे. कशी जाणार, ते मी विचारले नाही.

२० मार्च, गुरुवार

दुपारी सौ. निळा कोट घालून बाहेर आली, गाडीचे दार उघडले आणि चालकाच्या आसनावर बसली. आसन पुढे ओढले. आरसा खाली केला. चावी तिच्याचकडे होती; सोमवारी कोपऱ्यावर कन्येने दिली असावी. मग खिडकीतून एक कार्ड माझ्यापुढे धरले. वाहन चालविण्याचा परवाना, शुक्रवारचा. फोटोत हाच कोट. डावा खांदा किंचित उतरलेला दिसतो. ती तशी उभी राहते, कोट बरोबर आहे.

“पोचा माझा आहे,” ती म्हणाली. “नर्सबाई शेजारी बसल्या होत्या, तरी लागलाच खांब. सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात पुट्टी सुकू दे.”

म्हणजे मी विसरलो नव्हतो. विसरण्यासारखे काही घडलेच नव्हते!

रागवावयाचे होते. त्यासाठी आधी बसावे म्हणून पलीकडून जाऊन तिच्या शेजारी बसलो. गाडी मागे जाऊ लागली. खांबाशी ती थांबली.

“अहो, डावीकडे किती जागा आहे?”

मी मान बाहेर काढून पाहिले.

“शिवणीपुरती आहे. घे.”